ओकायामाच्या बाई

“बाई, तिकडे हेडमास्तर मुलांच्या आधी जेवतो!”

शेजारच्या वहिनी जपानहून येऊन धड दोन दिवस झाले नसतील. बॅगा अजून हॉलमध्येच असणार, पण मी सकाळी फुलं काढायला बाहेर आले तर ह्या कुंपणापाशी हजर. नमस्कार नाही, कशा आहात नाही, एकदम हेडमास्तर.

“का? भूक फार लागते का त्याला?” मी विचारलं.

“थट्टा नाही हो. चव घ्यायला. मुलांच्या पानात पडायच्या निदान अर्धा तास आधी त्यानं सगळं जेवून बघायचं, आणि वहीत लिहायचं. तसा नियमच आहे.”

आता मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत केलेली बाई. भोर, वेल्हे, मुळशी. मला ह्याचं काय कौतुक! आमच्याकडेही खिचडी शिजली की आधी शिक्षकानं खायची आणि चव रजिस्टरला नोंद करायची असा नियम आहेच. काही शाळांत ते रजिस्टर महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनानं भरलं जायचं. कुठल्या शाळांत ते मी सांगणार नाही.

“पण अर्धा तास आधी का?” हे मात्र मला नवीन होतं.

“म्हणजे काही बिघडलेलं निघालं तर ताटं थांबवायला वेळ मिळतो.”

साधी गोष्ट. आमच्याकडे मी चव घेईपर्यंत पहिली पंगत अर्धी जेवलेली असायची.

वहिनींची धाकटी मुलगी ओकायामाला असते. इथं पुण्यातच जपानी शिकली, सगळ्या परीक्षा दिल्या, मग तिकडे शिक्षणशास्त्राला गेली. आपल्या सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे उद्यानातली जपानी बाग ज्या बागेवरून केली, ते कोराकुएन ओकायामालाच आहे. मूळ बाग १७०० साली पुरी झालेली. वहिनी ती बघून आल्या आणि “आपली जरा लहान आहे” एवढंच म्हणाल्या. त्यांना बागेपेक्षा शाळेचं सांगायचं होतं. धाकटीचे सराव पाठ चालू होते. प्राथमिकसाठी सलग तीन-चार आठवडे एका शाळेत राहून पाठ घ्यावे लागतात, तेव्हा पोर उपाशी राहील म्हणून वहिनी आईपणाच्या व्हिसावर तिकडे पोहोचलेल्या.

“आणि बाई, ती घरी कसली, शाळेतच! सकाळी सातला सायकलवर टांग. सप्टेंबरचा उकाडा, आपल्या कोकणासारखा घाम, आणि अंगात काळा सूट. शाळेत पोचली की बाहेरचे बूट कपाटात, आतले पांढरे पायात. मग हजेरी. सही नाही चालत, शिक्का मारायचा. तिच्या नावाचा शिक्का मुद्दाम कोरून घेतलाय. रोज सकाळी तो वहीत उमटवायचा, वाकडा उमटला तर चालत नाही.”

मस्टरवर वाकडा शिक्का चालत नाही ही बातमी ऐकून मला त्या देशाबद्दल जवळीक वाटायला लागली.

तिकडे शिक्षकांची एकच मोठी खोली असते म्हणे. टेबलाला टेबल जोडून समोरासमोर सगळे, आणि एका टोकाला उपमुख्याध्यापकाचं टेबल, जिथून प्रत्येकाची पाठ किंवा तोंड दिसतं. शाळा उघडायला पहिला तो, कुलूप लावायला शेवटचा बऱ्याचदा तोच. मुलाला आत यायचं झालं तर दारात थांबून इयत्ता सांगायची, नाव सांगायचं, कुणाकडे काय काम आहे तेही सांगायचं, मग पाऊल टाकायचं. “आपल्याकडे पोरं खिडकीतूनच विचारतात, बाई, सुट्टी कधी,” असं मी म्हटलं. मला ते आवडायचं, हेही खरं.

“बरं, पाठ कसे झाले ते सांगा,” मी विषयावर आणलं. नाहीतर वहिनी कपाटातल्या बुटांतच दुपार करणार.

“कागद बाई, कागद! एका पाठासाठी एवढे कागद. रात्री साडेअकरापर्यंत लिहीत बसायची. मी विचारलं, अगं पंचेचाळीस मिनिटांचा तास, त्यात दुसरीचा वर्ग, एवढं काय लिहितेस? तर म्हणे, मुलं काय काय उत्तरं देतील ते लिहितेय.”

“म्हणजे अपेक्षित उत्तरं.”

“नाही ना! चुकीचीसुद्धा. अर्धवट समजलेलं मूल काय म्हणेल, घाईत असलेलं काय म्हणेल, आधीच क्लासला शिकून आलेलं काय म्हणेल. प्रत्येकाला वेगळी ओळ. आणि त्याच्या पुढे, असं म्हणाला तर मी काय विचारीन.”

मी फुलांची परडी भिंतीवर ठेवली. आमच्या डी.एड.ला पाठ टाचण असायचं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, फलक लेखन, सगळे रकाने आखलेले. पाठ घ्यायची हर्बार्टची पंचपदी आम्ही घोकली होती, आणि तीच पंचपदी जपानमध्येही गेली होती, १८८७ साली तोक्योला शिकवायला आलेल्या हाउसक्नेख्त नावाच्या एका जर्मन प्राध्यापकामुळे. म्हणजे मूळ घराणं एकच. पण आमच्या टाचणातला विद्यार्थी कायम बरोबर उत्तर द्यायचा. शिक्षककृतीच्या रकान्यात प्रश्न, विद्यार्थीकृतीच्या रकान्यात उत्तर, आणि ते उत्तर पुस्तकातलंच. असला विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही. तो फक्त टाचणात राहायचा.

“आणि फळ्याचाही नकाशा काढायचा आधी,” वहिनी सांगत होत्या. “डावीकडे आजचा प्रश्न, मधे मुलांचे विचार, उजवीकडे तासाचं सार. तास संपेपर्यंत काही पुसायचं नाही. मागच्या बाकावरचं मूल कुठं हरवलं असेल तर फळा वाचत परत यावं, म्हणून.”

हे मात्र मी नाक मुरडून ऐकलं. आमच्या एका खोलीत दोन इयत्ता आणि फळा एकच. अर्धा फळा तिसरीचा, अर्धा चौथीचा. न पुसता कसं भागायचं? पण वाईट नाही. इथल्या खाजगी शाळांत एवढाले डिजिटल फळे लावलेत, त्यांच्यावर तर आधीचं पान क्षणात गायब होतं.

मग संत्र्यांचं भांडण निघालं. एका ताटलीत ३ संत्री, अशा ५ ताटल्या, एकूण किती? धाकटीनं हाच प्रश्न घेतला होता. जपानमध्ये दुसरीतच गुणाकार येतो, आणि तिथं लिहायचं ३ गुणिले ५. आधी एका ताटलीतली संत्री, मग ताटल्या किती. कुणी ५ गुणिले ३ लिहिलं तर उत्तर १५ आलं तरी बरेच शिक्षक फुली मारतात. त्यावरून आईबाप संतापतात, गणितवाले प्राध्यापक भांडतात, दर काही वर्षांनी हा वाद नव्यानं पेटतो.

“फुली?” मी म्हणाले. “पंधरा आले ना?”

“आले.”

“मग फुली कशाची?”

“धाकटी म्हणाली, गोष्ट समजली की नाही ते बघतात. पाच संत्री आणि तीन ताटल्या असं तर समजला नाही ना, ते.”

“तर मग त्याला चित्र काढायला सांगा की! फुली मारून कुणाला काय कळतं?”

“तुम्ही तिच्यावर कशाला ओरडताय बाई, तिनं मारली नाही फुली. तिनं दोन्ही फळ्यावर लिहिली आणि मुलांनाच भांडायला लावलं. अख्खा तास गेला, पुस्तकातली पुढची उदाहरणं राहिली.”

मला बरं वाटलं. पोरीत दम आहे. मार्गदर्शक बाईंना बरं वाटलं का, ते वहिनींनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पाढे त्यांचे फक्त नऊपर्यंत. नवा नव्वे एक्याऐंशी झालं की संपलं. पण चालीवर म्हणतात, आपल्यासारखेच, ‘नि निन् गा शी’ असं काहीतरी बे दुणे चारला. वहिनींनी कुंपणावर ताल धरून म्हणून दाखवलं. मी त्यांना एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. माझे वडील पावकी, निमकी, औटकी म्हणायचे, त्याचा उपयोग त्यांना भाजी आणताना व्हायचा आणि आम्हाला मार खाताना. नऊपर्यंतच शिकून ही माणसं गणितात जगात वरच्या नंबरात कशी, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. त्याचं उत्तर मला गैरसोयीचं असण्याची शक्यता आहे.

तेवढ्यात त्यांच्या दारावर पेपरवाला बिल घेऊन आला, वहिनी आत जाऊन आल्या, आणि येताना पीचच्या स्वादाची बिस्किटं घेऊन आल्या. ओकायामा पीचसाठी प्रसिद्ध. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोची गोष्ट ते गाव आपलीच मानतं. रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणांवरसुद्धा तो आहे. बिस्किट कुंपणाच्या जाळीच्या वाकलेल्या कोपऱ्यातून आलं. ठीक होतं. पार्ले-जीला धक्का नाही.

“जेवणाचं काय करायची हो ती? माशाचं पाणी असतं ना सगळ्यात?”

“तेच तर. डाळ वाटावी असं सूप, त्यातही माशाचा अर्क. मग परवानगी काढून डबा. पण डबा असला तरी बसायचं मुलांतच, रोज वेगळ्या गटात. बाई, वाढायला मोठी माणसं नाहीत! दुसरीतली पोरं पांढरे एप्रन, टोप्या, मास्क घालून स्वयंपाकघरातून पातेली आणतात आणि वाढतात. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत एकही चमचा उचलत नाही. दूध रोज. एप्रन शुक्रवारी घरी, धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत. उरलेल्या पुडिंगसाठी दगड-कागद-कात्री खेळतात, आणि हरलेलं पोर रडत नाही म्हणे. मला नाही खरं वाटत.”

“रडत असेल. बाईंसमोर नसेल रडत.”

धाकटीच्या डब्यातली बटाट्याची पिवळी भाजी पाहून मुलांनी विचारलं, सेन्सेई, ही करी आहे का? करीभात हा तिथल्या शाळेच्या जेवणातला लाडका पदार्थ. आपली पोरगी भारताची, तेव्हा ती रोज करीच खात असणार याबद्दल वर्गात एकमत होतं. तिनं समजावून सांगितलं तेव्हा एकानं हळूच म्हटलं की आमची करी जास्त चांगली आहे. शाळेतलं हे जेवण जुनं आहे. १८८९ साली यामागाता भागातल्या त्सुरुओकामध्ये गरिबांच्या मुलांसाठी एका देवळातल्या शाळेनं भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली, आणि कायदा झाला १९५४ मध्ये. आमची खिचडी त्या मानानं फार उशिरा चुलीवर चढली.

पुढचं वहिनींनी आवाज खाली करून सांगितलं, जणू कुणी ऐकेल.

“आणि जेवण झालं की सफाई. गाणं लागतं स्पीकरवर, आणि सगळी शाळा फडकी घेऊन जमिनीवर. वर्ग, जिने, व्हरांडे, संडाससुद्धा. मुलंच करतात. हिनंही गुडघ्यावर बसून लाद्या पुसल्या. मी इथं हिला कधी केर काढू दिला नाही, बाई!”

“मग आता शिकली.”

“फडकी घरून द्यायची असतात. माझ्या जुन्या सुती साडीची दोन शिवून दिली मी. मुलं म्हणाली, हिचं फडकं फार सुंदर आहे.”

मी हसले, पण लगेच थांबले. शाळेत झाडू कुणाच्या हातात द्यायचा, ह्यावर मला फार काही आठवतं. आम्हीही मुलांकडून वर्ग झाडून घ्यायचो. पण माझ्या पहिल्या शाळेत यादी न बघताच ठरलेली असायची. ठरावीक वस्तीतली मुलं झाडायची, पाटलांच्या मुलानं झाडू धरला तर दुसऱ्या दिवशी पाटील दारात. मी वार लावून दिले, सोमवारी पहिला बाक, मंगळवारी दुसरा. दोन आठवडे चाललं, मग केंद्रप्रमुखांकडे तक्रार गेली. आता तर मुलांच्या हातात झाडू दिसला की मोबाइलवर फोटो, आणि बातमी. फोटो काढणाऱ्याला मुलांची काळजी असते की आपल्याच मुलाच्या हातात झाडू का ह्याचा राग असतो, हे मी पुष्कळदा फोटो काढणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ताडलं आहे. जपानात सगळ्यांनी पुसायचं म्हटल्यावर सगळे पुसतात. तिथंही खालचे-वरचे होते, आजही त्यांचे वंशज लग्नाच्या वेळी भोगतात असं मी वाचलंय, तेव्हा ते लोक देवमाणसं आहेत असं मला म्हणायचं नाही. पण लादीवर गुडघा सगळ्यांचा टेकतो, एवढं तरी आहे.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना पुढचं सांगायची घाई होती.

शाळेच्या क्रीडादिनाला त्या गेल्या होत्या. लाल आणि पांढरे असे दोनच संघ. टोपी एकच, आतून लाल, बाहेरून पांढरी, उलटी केली की संघ बदलला. खांबावर उंच टोपली, त्यात चेंडू फेकायचे, आणि मग दोन्हीकडचे चेंडू एकेक वर उडवत सगळ्या मैदानानं एका सुरात मोजायचे. वहिनींनीही मोजले, जपानीत. धाकटी ट्रॅकसूट घालून दोरी धरायला, रेषा आखायला, पडलेल्यांना उचलायला. पाठ एकीकडे, ही कामं दुसरीकडे, आणि त्यांनाही गुण! सुट्टीत मुलांशी डॉजबॉल खेळली का, मुलांची नावं पाठ झाली का, हे मार्गदर्शक बाई बघतात. दुसरीची मुलं मात्र तिचं अक्षर बघतात. पहिलीत ८० कांजी अक्षरं शिकून आलेली आणि दुसरीत आणखी १६० शिकत असलेली ती पोरं, रेघ कुठून आधी ओढली ते बरोबर पकडतात.

शेवटी जाहीर पाठ. वर्गात मुलं, आणि भिंतीला लागून बाकीचे छात्रशिक्षक, शाळेचे शिक्षक, उपमुख्याध्यापक, हातात पाटी-कागद. आमचे निरीक्षक मागच्या बाकावर बसून बाईंकडे बघायचे, साडीसुद्धा लक्षात ठेवायचे. हे म्हणे बाईंकडे बघतच नाहीत, एकेक मूल वाटून घेतात. त्या मुलानं कधी खोडरबर वापरला, शेजारणीची वही कधी बघितली, कधी डोळे चमकले, ते लिहितात. मग बैठक. तिच्यात आधी छात्रशिक्षकानंच आपलं काय चुकलं ते सांगायचं.

“रडली का?” मी विचारलं.

“घरी येऊन. पण फार नाही. भूक लागली होती.”

ह्यानंतर मी त्यांना पेपरात वाचलेलं सांगितलं, कारण सगळं त्यांनीच सांगायचं म्हणजे काय. २०१८ च्या ओईसीडीच्या पाहणीत जपानचे माध्यमिक शाळेतले शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत होते, पाहणीतल्या सगळ्या देशांत सर्वांत जास्त. सरासरी ३८ च्या आसपास. आणि त्या ५६ मधले प्रत्यक्ष शिकवण्याचे फक्त १८. बाकी बैठका, कागद, फोन, दुपारनंतरचे खेळांचे आणि संगीताचे वर्ग. वर सरकारी शाळेत जादा तासांचे पैसे नाहीत. १९७१ च्या एका कायद्यानं त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के टेकवले. २०२५ मध्ये कुठे ते टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं.

“तरीच तिच्या मार्गदर्शक बाई रात्री आठला निघायच्या,” वहिनी म्हणाल्या. “हिच्या रोजनिशीवर लाल पेनानं शेरा लिहून मगच. हिचं एक पान, त्यांचं अर्धं पान. रोज!”

आम्हाला जनगणना, मतदारयाद्या, शौचालयं मोजणी. मला वाटायचं, मास्तरला शिकवण्याखेरीज सगळं करायला लावणं ही आपलीच खासियत. पण तिथं निदान ते सगळं शाळेतल्या मुलांसाठी असतं. माझी तक्रार कामाच्या ओझ्याची कधीच नव्हती, काम कुणाचं ते मला सांगितलं जायचं नाही, ही होती.

“आणि तुम्हाला सांगते बाई, मास्तरीण व्हायला तिला वृद्धाश्रमातसुद्धा काम करावं लागलं! प्राथमिक-माध्यमिकचा परवाना हवा असेल तर निदान सात दिवस. थोडे अपंग मुलांच्या शाळेत, बाकीचे असल्या संस्थेत. १९९८ पासून कायदाच आहे. हिनं म्हाताऱ्यांचे केस वाळवले, चहा दिला, पत्ते खेळली. गणित शिकवायला ह्याचा काय उपयोग?”

मला त्या सबंध सांगण्यात हीच गोष्ट सगळ्यात पटली. का पटली ते लगेच सांगता आलं नाही, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसलं की वहिनींना वाटतं मी हरले.

“बरं, नोकरी लागेल का पण तिकडे? परक्या पोरीला सरकारी शाळेत घेतात?”

“घेतात, पण बहुतेक ठिकाणी पूर्ण शिक्षकाचं पद नाही. १९९१ च्या एका आदेशापासून, नागरिक नसेल तर कायमचा व्याख्याता म्हणून घेतात. काम तेच, पण हेडमास्तर कधीच होता येत नाही.”

“मग ते योगेंद्र पुराणिक कसे झाले?” मी विचारलं. हे मला ठाऊक होतं, वर्तमानपत्रातलं कात्रण आहे माझ्याकडे. आपला मराठी माणूस, २०१९ मध्ये तोक्योतल्या एदोगावा वॉर्डातून निवडून आला, आणि २०२३ मध्ये इबाराकीतल्या त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला.

“ते जपानी नागरिक झाले होते ना आधीच. हीसुद्धा म्हणत होती…” आणि वहिनी थांबल्या. धाकटीनं काय म्हटलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. तिचे बाबा हॉलमध्येच होते, खिडकी उघडी.

“तिकडच्या मुलांच्या चवीचं जेवण तिनं आधी चाखायचं म्हणजे तिला मासे खावे लागतील,” मी म्हणाले.

“अहो, ती आता खाते,” वहिनी एकदम कुजबुजल्या. “ह्यांना सांगू नका. बरं ते राहू दे, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात काल रात्री अकरा वाजता टेम्पो कसला आला होता? तुमच्या खिडकीतून दिसतं ना ते.”

दिसतं. मी परडी उचलून जरा पुढे सरकले, आणि टेम्पोत काय काय होतं ते त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं.